यंत्राची मराठी आणि झिऱ्याचे पाणी

दिवाळी अंकातल्या टीकालेखासाठी एखादा ग्रंथ किंवा ग्रंथकार निवडावा, त्याची भाषा, त्याची दृष्टी, त्याचे गुणदोष वाचकांपुढे ठेवावेत, असा आपल्याकडे रिवाज आहे. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून किती लेखकांनी अशा पानांवर हा उलटतपास सोसला असेल, याची गणती नाही. यंदा मी ज्या लेखकाचे परीक्षण करणार आहे, त्याला गाव नाही, वय नाही, घराणे नाही. तरीही त्याचे लिखाण घरोघर पोचले आहे. लग्नाच्या निमंत्रणात, निरोपसमारंभाच्या भाषणात, संस्थेच्या अहवालात, शोकसंदेशात आणि शाळकरी मुलांच्या वह्यांत तो बिनबोभाट लिहितो आहे. हा लेखक म्हणजे भाषा शिकलेले यंत्र.

यंत्र आपल्या संसारात शिरले ते प्रथम आकड्यांच्या वाटेने. रेशनच्या दुकानात अंगठा टेकल्याशिवाय धान्य मिळेनासे झाले. २०२१ पासून शेतकरी आपल्या खाचरात उभा राहून फोनवर पिकाची नोंद करू लागला. रोजगार हमीच्या मजुराची हजेरी छायाचित्राने लागू लागली. शाळेतले प्रत्येक मूल सरकारी संकेतस्थळावर एका क्रमांकाने ओळखले जाऊ लागले. या सगळ्या नोंदींच्या प्रचंड राशीला जाणकार ‘विदा’ म्हणतात. आपण साधेपणाने ‘साठा’ म्हणू. या साठ्याच्या इतिहासातली एक तारीख महाराष्ट्राने विसरू नये. २९ सप्टेंबर २०१० या दिवशी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, तो नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात. म्हणजे यंत्राने अंगठा घ्यायचा ठरवले, तेव्हा आदिवासी माणसाचा अंगठा सर्वांआधी घेतला. त्याचा शब्द घेण्याची वेळ आली तेव्हा मात्र तो रांगेत शेवटी उभा आहे. प्रस्तुत परीक्षणाचा विषय हाच आहे.

२

या लेखकाची लेखनपद्धती समजून घेतल्याशिवाय त्याच्याविषयी निवाडा करणे अन्यायाचे होईल. ही पद्धती वाटते तेवढी नवी नाही. १९१३ साली आंद्रेई मार्कोव्ह या रशियन गणितज्ञाने पुश्किनच्या ‘येव्हगेनी ओनेगिन’ या काव्यातली वीस हजार अक्षरे ओळीने मोजली. स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा येते, याचा हिशेब त्याने मांडला. एका अक्षरावरून पुढचे अक्षर कोणत्या जातीचे असेल याचा अंदाज बांधता येतो, हे त्याने दाखवले. काव्याचा अर्थ त्याने बाजूला ठेवला होता. त्याला फक्त अक्षरांचा शेजार पाहायचा होता.

आजचे यंत्र त्याच वाटेने फार लांब गेलेले आहे. अक्षरांऐवजी ते शब्दांचे तुकडे घेते, आणि वीस हजारांऐवजी छापलेल्या व संगणकावर चढवलेल्या मजकुराचे अवाढव्य ढीग वाचते. कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो, कोणत्या वाक्यानंतर कोणते वाक्य येते, याची गणिते ते मनात साठवते. आपण काही विचारले की त्या गणिताच्या आधाराने एकेक शब्द पुढे ठेवत जाते. २०२२ च्या नोव्हेंबरात अशा यंत्राशी सामान्य माणसाला गप्पा मारता येऊ लागल्या आणि जगभर एकच गलका झाला. मराठीपुरते पाहिले तर यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची सोय त्याआधीच, २०१३ पासून, हाताशी आली होती. तेव्हाच्या भाषांतरांची आपण यथेच्छ टिंगल केली. आताच्या मराठीची टिंगल करता येत नाही. तिचे व्याकरण बहुधा शुद्ध असते, वाक्य सरळ असते, सूर सभ्य असतो.

आता मुख्य प्रश्न. जो लेखक केवळ वाचनावर वाढला, त्याने वाचले काय? २०११ च्या जनगणनेत मराठी ही आपली मातृभाषा म्हणून सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला, आणि इतक्या वर्षांनंतर त्यातले लेख लाखाच्या आसपास आहेत. इंग्रजीतल्या लेखांची संख्या सत्तर लाखांच्या घरात आहे. तात्पर्य, आपण बोलतो पुष्कळ आणि यंत्राला वाचता येईल अशा ठिकाणी लिहितो थोडे. जे लिहितो त्यात बातम्या, जाहिराती, सरकारी पत्रके, शुभेच्छा आणि पर्यटनाची माहिती यांचाच भरणा असतो. या खुराकावर वाढलेल्या लेखकाची शैली कशी असेल, याचा अंदाज वाचकांनी करावा.

३

अंदाजावर न थांबता मी एक परीक्षा घेतली. यंत्राला ‘तानसा’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला. क्षणार्धात उत्तर आले. त्याचा नमुना असा:

‘निसर्गाच्या कुशीत वसलेले तानसा हे एक रमणीय ठिकाण आहे. येथील हिरवीगार वनराई, शुद्ध हवा आणि शांत वातावरण पर्यटकांच्या मनाला भुरळ घालते. तानसा हा केवळ एक तलाव नसून तो मुंबईकरांची जीवनवाहिनी आहे.’

यात खोटे काय आहे? जवळजवळ काहीच नाही. अभयारण्य आहे, वनराई आहे. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले आणि मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत तानसाची गणना होते, हेही खरे. पण टीकाकाराने खरेखोटे पाहून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारायचा असतो: हे कोणाच्या डोळ्यांनी पाहिले आहे? ‘येथील’ असे म्हणणारा माणूस येथे उभा नाही. तो रविवारी सकाळी मोटारीतून आला आहे आणि संध्याकाळी परतणार आहे. त्याच्या तानशात झाडे आहेत, हवा आहे, पाणी आहे. माणूस एकही नाही. कातकरी नाही, ठाकूर नाही, महादेव कोळी नाही, आटगावच्या स्टेशनावर भाजीच्या पाट्या घेऊन बसलेली बाई नाही. मे महिन्यात पाड्यावर येणारा टँकर तर नाहीच.

याचे कारण उघड आहे. पावसाळा लागला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत सात तलावांच्या पातळीचे आकडे छापून येतात. इतकी वर्षे ‘तानसा’ हा शब्द छापील मराठीत आला तो बहुधा त्या कोष्टकात, किंवा तलाव ओसंडून वाहू लागल्याच्या बातमीत. शब्दांचा शेजार मोजणाऱ्या यंत्राला तानसाच्या शेजारी लिटर सापडले, टक्के सापडले, मुंबई सापडली. हंडा सापडला नाही. कारण हंड्याविषयी कोणी फारसे लिहिलेच नव्हते. शहापूर तालुक्यात एवढी मोठी धरणे असताना इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही गोष्ट इथल्या पोराला ठाऊक आहे. यंत्राला ती विचारून घ्यावी लागते. विचारली तर ते नम्रपणे सांगतेही. पण विचारल्यावाचून त्याच्या लेखणीतून ती उतरत नाही. लेखकाची दृष्टी ओळखायची ती तो न विचारता काय सांगतो यावरून.

शैलीचे दोषही इथेच पाहून घेऊ. या लेखकाला तीन-तीनचे भारी वेड आहे: हिरवीगार वनराई, शुद्ध हवा, शांत वातावरण. ‘केवळ अमुक नसून तमुक’ ही त्याची लाडकी ओवाळणी. कोणत्याही विषयावर तो सारख्याच उत्साहाने बोलतो, आणि शेवटी काही तरी उदात्त म्हटल्याशिवाय त्याला खाली बसवत नाही. त्याच्या लेखनात राग नाही, लाज नाही, कंटाळा नाही, आणि म्हणून मायाही नाही.

४

परंतु न्यायाच्या दृष्टीने दुसरी बाजू मांडली पाहिजे. ‘निसर्गाच्या कुशीत वसलेले’ हे शब्द यंत्राने शोधून काढलेले नाहीत. ते आमच्या मार्गदर्शिकांतले आहेत. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर पिढ्यान्पिढ्या मराठी मुलांनी एकच पाऊस पाठ केला. त्या पावसात मोर नाचतो, बळीराजा सुखावतो आणि आई गरम भजी तळते. ज्या मुलाच्या घरावर त्या दिवशी कौले नव्हती, त्यानेही परीक्षेत मोरच नाचवला आणि त्यालाच गुण मिळाले. आमच्या सत्काराच्या भाषणांत, मानपत्रांत, अग्रलेखांत याहून निराळे काय होते? यंत्र हा त्या मार्गदर्शिकेचा सर्वांत हुशार विद्यार्थी आहे, एवढेच. त्याने मराठी लेखनापुढे आरसा धरला आहे. आरशावर चिडण्यात अर्थ नाही.

यंत्राचे उपकारही खरे आहेत. डोळ्यांनी अधू झालेल्या आजोबांना ते पोथी वाचून दाखवते. परराज्यात नोकरीला गेलेल्या पोराला तिथल्या भाषेतली पाटी समजावून देते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जिला अक्षर गिरवता येत नाही अशी बाई फोनपुढे बोलते आणि तिचे बोलणे कागदावर उतरते. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्याची मनधरणी करण्यात जिचा अर्धा दिवस आणि रोजाचे पैसे जात, तिला ही सोय किती मोलाची, हे शहरातल्या वाचकाला एकदम उमगणार नाही.

मात्र याच सोयीपाशी साहित्याचा प्रश्न आणि पोटाचा प्रश्न एकमेकांना येऊन भिडतात. आमच्या भागात उन्हाळ्यात विहीर आटली की ओहोळाच्या कोरड्या पात्रात हातभर खड्डा उकरतात, आणि त्यात थेंबाथेंबाने पाझरणारे पाणी वाटीने हंड्यात भरतात. या खड्ड्याला झिरा म्हणतात. एक बाई अर्जासाठी बोलली ती अशी: ‘हिरीला पानी नाय. झिऱ्यावर राती तीनला जाऊन बसावं लागतं, तवा कुठं येक हंडा भरतो.’ यंत्राने ‘झिऱ्यावर’ याचे ‘जिऱ्यावर’ केले. बाई फोडणीच्या डब्यावर रात्री तीन वाजता जाऊन बसल्या! हसण्यासारखेच आहे, आम्हीही हसलो. पण पुढची पायरी हसण्यासारखी नव्हती. हेच बोलणे नीट अर्जाच्या भाषेत करून दे म्हटल्यावर यंत्राने लिहिले: ‘आमच्या गावात पाणीटंचाईची समस्या गंभीर स्वरूपाची असून महिलांना अनेक अडचणींना सामोरे जावे लागत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.’

अर्ज शुद्ध झाला, सुंदर झाला, आणि पोकळ झाला. विहीर गेली. झिरा गेला. रात्रीचे तीन गेले. एक हंडा गेला. अधिकाऱ्याला निर्णय करायला जे जे हवे होते, ते सर्व बाईच्या अशुद्ध दोन वाक्यांत होते. यंत्राच्या शुद्ध दोन वाक्यांत त्यातले काही उरले नाही. असा अर्ज कोणत्याही गावाहून, कोणत्याही वर्षी करता येईल, आणि म्हणून कोणालाही तो बाजूला सारता येईल. बोलीतला शब्द टिकवावा असे साहित्यिक म्हणू लागले की व्यवहारी माणसे त्याला हौस समजतात. ही हौस नव्हे. बोलीतल्या शब्दात पुरावा असतो.

५

चांगल्या वाचकाचा पहिला गुण कोणता? न कळलेल्या शब्दापाशी थांबणे. १९७२ साली नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ला प्रस्तावना लिहिताना विजय तेंडुलकरांनी आपल्याला न कळलेल्या शब्दांची यादीच मांडली. एवढा मोठा नाटककार, पण आपल्याच शहरातल्या एका वस्तीची मराठी आपल्याला येत नाही हे त्याने छापून सांगितले. त्या थांबण्यामुळे वाचकाला त्या वस्तीचे दार दिसले. यंत्राला बहुधा असे थांबता येत नाही. न कळलेला शब्द त्याच्यापुढे आला की ते त्याच्या जागी ओळखीचा शब्द ठेवते आणि पुढे चालू लागते. झिऱ्याचे जिरे होतात ते असे.

कोशकारांची रीत याच्या नेमकी उलट होती. मोल्सवर्थ हा गोरा लष्करी अधिकारी. पण त्याने कँडी बंधूंच्या आणि इथल्या पंडितांच्या साहाय्याने मराठी शब्द गोळा केले आणि १८३१ साली कोश काढला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दांची संख्या साठ हजारांवर गेली. पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग सिद्ध केले. त्या कोशाची पाने ज्याने चाळली असतील त्याला ठाऊक आहे की, कितीतरी शब्दांपुढे कंसात बारीक अक्षरांत खूण असते: राजापूरकडचा, कुडाळकडचा, गोमंतकातला, वऱ्हाडातला, खानदेशातला. शब्द कोणाच्या तोंडचा, कोणत्या मातीतला, हे कोशकारांनी पुसू दिले नाही. यंत्राच्या साठ्यात शब्दाचा शेजार राहतो. त्याचे गाव हरवते. कोणी म्हटला, केव्हा म्हटला, हे सगळे एका लगद्यात जाते. त्या लगद्यातून जी मराठी बाहेर येते तिला पुणेरी म्हणता येत नाही, कोकणी म्हणता येत नाही, वऱ्हाडीही म्हणता येत नाही. ती सरासरीची मराठी असते.

बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांच्या तोंडची गाणी घरच्या मंडळींनी उतरवून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती पुस्तकरूपाने आली. उतरवून घेणाऱ्या हाताने त्या वेळी ‘शुद्ध’ करण्याचा मोह धरला असता, तर मराठी कविता केवढ्या धनाला मुकली असती! आज खेड्यापाड्यांतल्या कितीतरी आज्या फोनपुढे बोलत आहेत. उतरवून घेणारा हात मात्र शुद्धीकरणाच्या सवयीचा आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलीने निबंधात ‘राब भाजला’ असे लिहिले. भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा, काटक्या, शेण पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात इंग्रज साहेबाने या राबाचे वर्णन केले आहे. तोच मजकूर मुलीने फोनवर उतरवला, तेव्हा यंत्राने त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढली. साहेबाला जो शब्द दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवावासा वाटला, तो या मुलीच्या हातून आज चूक म्हणून खोडला जातो. पुढच्या निबंधात तिने राब लिहिला नाही. त्यात मोर होता.

६

यावर उपाय नाही असे नाही, आणि काही माणसे तो करतही आहेत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्रामीण गरीब, शहरी गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी ध्वनिमुद्रण मोबदला देऊन करून घेतले होते. गरिबांनी केलेले काम विद्यार्थ्यांच्या कामाच्याच तोडीचे ठरले. २०२२ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने ‘वाणी’ हा प्रकल्प सुरू केला. त्यात माणसापुढे चित्र ठेवतात आणि त्याला आपल्या भाषेत बोलू देतात. हा बदल फार महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचे वाक्य वाचायला दिले तर माणसाचा आवाज मिळतो. चित्र दाखवून बोलते केले तर त्याची भाषा मिळते. आपल्याकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून बोलींची ध्वनिमुद्रणे केली आणि ती सर्वांना खुली ठेवली. २०१३ साली अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंड निघाला, त्यात आमच्या डोंगरातल्या बोलींनाही मान मिळाला. कोशकारांचे कुळ अजून बुडालेले नाही.

तथापि दोन गोष्टी खटकतात. केंद्र सरकारने २०२२ साली ‘भाषिणी’ हा भाषांतराचा उपक्रम सुरू केला, त्याचा मुख्य भर राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांवर. त्या यादीत मराठी आहे. वारली नाही, कातकरी नाही, ठाकरी नाही. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण ताम्रपट आणि शिलालेख यांचा अभिमानाने उच्चार केला. तो अभिमान रास्तच. पण दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला शब्द आपण जपला आणि काल संध्याकाळी ओहोळाकाठी उच्चारलेला शब्द जपला नाही, तर पुढच्या पिढ्या आपल्याला कोणत्या मापाने मोजतील?

तानसाच्या काठी राहणाऱ्याला साठ्याचा अर्थ कोणी शिकवायला नको. पाणी इथे अडते, नळातून मुंबईला जाते, आणि काठावरचा पाडा कोरडा राहतो. भाषेचा साठा असाच बांधला जातो आहे. इथल्या माणसाचा आवाज, अंगठा, चेहरा, पीक, हजेरी सगळे त्यात वाहून जाते. त्या साठ्यातून इथल्या नळाला काय येणार, हे आज ठरते आहे. बाईचा झिरा त्यात गेला असेल, तर उद्या यंत्राला तिचे बोलणे कळेल आणि तिचा अर्ज तिच्या शब्दांत निघेल. गेला नसेल, तर ती आयुष्यभर फोडणीच्या डब्यावर बसून राहील.

तेव्हा या लेखकाविषयी माझा निवाडा असा. तो कष्टाळू आहे, विनयी आहे, बहुश्रुत आहे. कारकुनी कामाला त्याच्यासारखा माणूस मिळायचा नाही. पण तो अजून लेखक झालेला नाही. कारण त्याला गाव नाही, आणि नसलेल्या गावाची त्याला हुरहुरही नाही. ते गाव त्याला आपणच देऊ शकतो.

यासाठी विद्वान असावे लागत नाही. दिवाळीत घरोघर माणसे जमतात. मुंबईहून मुले येतात, माहेरवाशिणी येतात, फराळाच्या ताटाभोवती थोरली माणसे बोलू लागतात. त्या बोलण्यात जो शब्द धाकट्यांना कळला नाही, तो एका वहीत लिहावा. अर्थ लिहावा, कोण म्हणाले ते लिहावे आणि दात्यांच्या कोशातल्याप्रमाणे पुढे कंसात गावाचे नाव घालावे. तांबडी रेघ आली तर येऊ द्यावी. शब्द खोडू नये.